प्रतिबुक ते मृद आरोग्य पत्रिका : यवतमाळ जिल्ह्यातील पेरणीपूर्व माती परीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

उन्हाळवाही आटोपली, धुरे साफ झाले आणि मृगाची वाट पाहणे सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. यंदा कोणत्या वावरात काय पेरायचे? खालच्या अंगाच्या काळ्या तुकड्यात पऱ्हाटी लावायची की सोयाबीन? वरच्या बरड पट्टीवर तूर टिकेल की तीही ऑगस्टच्या उघडिपीत माना टाकेल? या प्रश्नाचे उत्तर मातीत असते आणि ते मातीला विचारूनच मिळवावे लागते. पेरणीपूर्वी मातीला प्रश्न विचारण्याच्या या कृतीला आज आपण 'माती परीक्षण' म्हणतो.

माती परीक्षणाचा इतिहास सामान्यतः प्रयोगशाळेपासून सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, रासायनिक खते आली, शेतकऱ्यांना नमुने पाठविण्यास शिकविण्यात आले आणि अखेरीस प्रत्येकाच्या हाती मृद आरोग्य पत्रिका आली, अशी ही मांडणी असते. ती चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. प्रयोगशाळा येण्यापूर्वी कित्येक दशके वऱ्हाडातील शेतजमिनीची शासकीय परीक्षा झालेली होती आणि त्याही आधी शेतकऱ्याची स्वतःची परीक्षा अस्तित्वात होती. या तिन्ही परीक्षांत माती एकच होती. तिला विचारलेला प्रश्न मात्र वेगवेगळा होता. शेतकरी विचारीत होता, 'येथे काय पिकेल?' महसूल खाते विचारीत होते, 'येथून किती सारा घेता येईल?' आणि प्रयोगशाळा विचारते, 'येथे किती खत द्यावे?'

प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा इतिहास यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे. प्रश्न बदलत गेला तसे मातीचे मोजमाप बदलले आणि या बदलात एक महत्त्वाची गोष्ट, म्हणजे मातीची खोली, नोंदीबाहेर गेली, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे. ही खोली जुन्या महसुली दप्तरात अद्याप नोंदलेली असू शकते. म्हणून आजच्या माती परीक्षणाच्या प्रश्नात इतिहासाच्या अभ्यासकालाही काही काम आहे, हे सुचविणे हा दुसरा हेतू होय.

जिल्ह्याची जमीन

आजच्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. उत्तर व पूर्व बाजूस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी त्याच्या सीमा बऱ्याच अंशी आखल्या आहेत. बेंबळा, अडाण, अरुणावती या नद्या मधल्या पठारावरून वाहतात. जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. वणीच्या बाजूस मात्र चुनखडक आणि कोळशाचे थर आढळतात.

बेसाल्ट झिजून जी काळी माती तयार होते ती सर्वत्र सारखी नसते. टेकडीच्या माथ्यावर मुरमावर जेमतेम वीतभर माती असते, उतारावर ती वाढत जाते आणि नाल्याच्या काठी पुरुषभर खोल सापडते. काळ्या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यात अशा जमिनीला भेगा पडतात. या मातीत पालाश बहुधा पुरेसा, नत्र व सेंद्रिय द्रव्य कमी आणि चुन्याचे प्रमाण कमीअधिक असते. चुना अधिक असल्यास दिलेले स्फुरद बांधले जाते आणि जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये पिकाला मिळत नाहीत.

जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. पावसात दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला की पीक तगणार की नाही हे त्या ठिकाणच्या मातीने किती ओल साठवली आहे यावर ठरते आणि ही साठवण मातीच्या खोलीवर अवलंबून असते. वरच्या थरात अन्नद्रव्ये कितीही असली तरी खाली एका वितीवर मुरूम लागत असेल तर पऱ्हाटीचे सोटमूळ तेथेच थांबते. यवतमाळच्या जमिनीविषयीचा पहिला प्रश्न म्हणूनच खोलीचा आहे.

शेतकऱ्याची परीक्षा

मराठी माणसाने गावाची विभागणीच मातीच्या रंगावरून केली. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. वऱ्हाड-नागपूर पट्ट्यात काळी, मोरंड, खरडी, बरड, मुरमाड, चोपण अशी जमिनीची नावे रूढ आहेत. ही नावे केवळ रंगाची नाहीत. 'बरड' म्हटले की उथळपणा, दगडगोटे, पाण्याचा लवकर निचरा आणि कमी भरवशाचे पीक हे सारे एका शब्दात सांगितले जाते. 'चोपण' म्हटले की पावसात चिकट, उन्हात दगडासारखी आणि पाणी न मुरणारी जमीन डोळ्यांपुढे येते. आजच्या परिभाषेत ज्याला सोडियमयुक्त विम्ल जमीन म्हणतात तिचे वर्णन या शब्दात आधीच होते.

शेतकऱ्याच्या परीक्षेची साधने साधी होती. विहीर खणताना किंवा नाल्याची दरड कोसळल्यावर मातीचे थर दिसत. सब्बल मारून मुरूम किती खाली लागतो ते समजे. ढेकूळ हातात फोडून त्याचा कस पाहिला जाई. पेरणीच्या वेळी मुठीत माती दाबून वाफसा आला की नाही ते ठरविले जाई. वावरात उगवणारे तणही खूण सांगे. कुंदा माजला की जमीन भारी; लव्हाळा दिसला की ओल साचते. नवरात्रात घटाखाली शेतातली माती घालून त्यात धान्य रुजविण्याची प्रथा हा देवीच्या पूजेचा भाग आहे. परंतु नऊ दिवसांत त्या मातीत रोप कसे वाढते याकडे शेतकरी कुटुंब बारकाईने पाहते, हेही तितकेच खरे.

या परीक्षेची मर्यादा उघड आहे. तिची लेखी नोंद होत नसे. डोळ्यांना न दिसणारी जस्ताची कमतरता तिला कळत नसे. एका पिढीचे ज्ञान दुसरीकडे जाण्यासाठी दोन्ही पिढ्या त्याच वावरात राबत असणे आवश्यक होते. तरीही तिचे एक सामर्थ्य होते. परीक्षा करणारा आणि तिच्या निकालावर पोट असणारा माणूस एकच होता.

सारा आणि प्रतवारी

मुंबई इलाख्यात ब्रिटिशांनी जमीन महसुलाची नवी घडी बसविताना मातीची परीक्षा हा सरकारी कामाचा विषय झाला. आर. के. प्रिंगल यांनी १८३०च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर आधारलेली आकारणी अमलात आणली. ती फसली आणि अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने काम सुरू केले. या पद्धतीची तत्त्वे १८४७च्या संयुक्त अहवालात एकत्र मांडण्यात आली.

या पद्धतीत प्रत्येक शेत हे स्वतंत्र सर्व्हे नंबर ठरले. प्रतवारी करणारा कारकून शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे भाग पाडी, प्रत्येक भागात माती खणून पाही आणि तिचा रंग, पोत व खोली नोंदवी. खोलीचे माप हाताचे होते. काळी, एकसारख्या बारीक पोताची माती पावणेदोन हात किंवा त्याहून अधिक खोल असेल तर ती पहिल्या प्रतीची, म्हणजे १६ आण्यांची. खोली दर पाव हाताने कमी होईल तशी प्रत एकेकाने उतरे. एकूण नऊ प्रतींची किंमत अनुक्रमे १६, १४, १२, १०, ८, ६, ४½, ३ आणि २ आणे अशी होती. तीच काळी माती एक हात खोल असेल तर १० आणे आणि पाव हातच असेल तर ४½ आणे. मातीत चुनखडीचे खडे असणे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याच्या लोंढ्याने माती वाहून जाण्याचा धोका, पाझराने होणारी अतिरिक्त ओल असे दोष खुणांनी दाखविले जात आणि प्रत्येक दोषागणिक माती एक प्रत खाली येई. सर्व भागांची सरासरी काढून त्या नंबराची आणेवार किंमत ठरे. शेतातील ही नोंद ज्या वहीत होई ती प्रतिबुक.

वऱ्हाडचा मुलूख १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. आजच्या यवतमाळचा मोठा भाग तेव्हा 'वूण' म्हणजे वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५मध्ये पुनर्रचना होऊन यवतमाळ जिल्हा हे नाव रूढ झाले. १८६०नंतरच्या दशकांत मुंबईच्या धर्तीवर वऱ्हाडात मोजणी, प्रतवारी आणि तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी झाली. हा काळ महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाची मागणी एकाएकी वाढली होती आणि वऱ्हाडची काळी जमीन साम्राज्याच्या नजरेत भरली होती. याच काळात ओसाड गावे लागवडीखाली आणण्यासाठी इजाऱ्याने देण्यात आली. जिल्ह्यातील काही गावांच्या नावांत 'इजारा' हा शब्द अजूनही टिकून आहे. जंगल व गायरान मोडून लागवड चढत गेली ती अशा जमिनींवर, ज्यांतील बऱ्याचशा उथळ व उताराच्या होत्या.

या प्रतवारीचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागते. तिचा हेतू वसुलीचा होता. मातीत काय कमी आहे आणि ते कसे भरून काढावे हा तिचा विषयच नव्हता. तिचा निकाल शेतकऱ्याला सल्ला म्हणून मिळत नसे, तो साऱ्याच्या आकड्याच्या रूपाने मिळे. मात्र सरकारी तिजोरीसाठी का होईना, एकेका शेताचे भाग पाडून, प्रत्येक भागात खणून, मातीची खोली लिहून ठेवण्याचे काम येथे प्रथम झाले. इतक्या तपशिलाची खोलीची शेतवार नोंद त्यानंतरच्या कोणत्याही माती परीक्षण मोहिमेचा भाग राहिलेली नाही.

रसायनशास्त्राचा प्रवेश

मातीचा कस का उतरत आहे हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वजनिक चर्चेत आला. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३च्या ग्रंथात त्याची रोखठोक मांडणी केली. डोंगरावरील पालापाचोळा व जीवजंतूंचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमिनीला खत मिळत असे, जंगल खात्याच्या बंदीने हा मार्ग बंद झाला आणि उघड्या जमिनीची माती वाहून जाऊ लागली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यावर त्यांनी बांधबंदिस्तीचा उपाय सुचविला. मातीचा प्रश्न हा पाण्याचा, उताराचा आणि सत्तेचाही प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९च्या अखेरीस भारतात आले आणि सुमारे वर्षभर देशात फिरले. १८९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात भारतीय शेतकऱ्याला अडाणी ठरविण्यास त्यांनी नकार दिला. सरपणाअभावी शेण जाळावे लागते आणि जमीन खताला मुकते, हे त्यांचे निरीक्षण वऱ्हाडालाही तंतोतंत लागू होते. कृषी रसायनतज्ज्ञ म्हणून जे. वॉल्टर लेदर यांची १८९२मध्ये नेमणूक झाली. त्यांनी १८९८मध्ये भारतीय मातींच्या रासायनिक घटनेवर लेखन प्रसिद्ध केले. गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची अशी प्रमुख मातींची विभागणी त्यांच्या कामातून पुढे आली.

नागपूरला १९०६मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या जमिनींच्या अभ्यासाला जवळचे केंद्र मिळाले. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या शाही कृषी आयोगाने असे मत मांडले की, दीर्घकाळ खताविना पिके घेतल्याने भारतातील बऱ्याच जमिनींचा कस एका खालच्या पातळीवर येऊन स्थिरावला आहे. याच सुमारास, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड इंदूर येथे कापसाच्या काळ्या जमिनीवर काम करीत होते. कापसाच्या पिकाचा अभ्यास केवळ वाणापुरता न ठेवता मातीतील हवा, ओल आणि सेंद्रिय द्रव्य यांच्याशी जोडला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. तेथूनच 'इंदूर पद्धती'चे कंपोस्ट जगभर गेले. काळ्या जमिनीच्या प्रदेशात जन्मलेला हा विचार काळ्या जमिनीच्या धोरणात मात्र पुढे मागे पडला.

खत आणि प्रयोगशाळा

पेरणीपूर्व नमुना, प्रयोगशाळा व शिफारस या रूपातील माती परीक्षण स्वातंत्र्यानंतरचे आहे. अमेरिकेच्या सहकार्याने १९५५-५६मध्ये भारतात माती परीक्षण प्रयोगशाळांचा कार्यक्रम सुरू झाला. यामागे काही रासायनिक पद्धतींचा शोध होता. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकले-ब्लॅक पद्धत १९३४ची, चुनखडीयुक्त जमिनीतील उपलब्ध स्फुरद मोजण्याची ओल्सेन पद्धत १९५४ची, तर उपलब्ध नत्राची सुब्बय्या-असिजा पद्धत १९५६ची. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी वापरली जाणारी लिंडसे-नॉर्वेल पद्धत १९७८मध्ये आली. यांपैकी ओल्सेन पद्धत वऱ्हाडच्या विम्ल, चुनखडीयुक्त काळ्या मातीला विशेष उपयुक्त ठरली.

प्रयोगशाळेचा निकाल 'कमी, मध्यम, भरपूर' अशा वर्गांत सांगण्याची रीत याच काळात रुजली. हेक्टरी २८० किलोहून कमी उपलब्ध नत्र म्हणजे कमी, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी म्हणजे कमी, ही प्रमाणे कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. पुढे १९६७-६८मध्ये माती परीक्षण व पीक प्रतिसाद यांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि अपेक्षित उत्पादनानुसार खतमात्रा ठरविण्याची समीकरणे तयार झाली. १९६९मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आज डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. १९७६मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कृषी विभागाची मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली.

या यंत्रणेने जे दिले ते मोठे होते. डोळ्यांना न दिसणारी कमतरता तिने दाखविली. तथापि तिचा प्रश्न ठरलेला होता. १९७०मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला आणि २००२मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. प्रत्येक टप्प्यावर बियाणे, खत आणि औषध यांवरील खर्च वाढत गेला. बागायतीत या खर्चाला पाण्याची हमी असते. कोरडवाहू बरड जमिनीत तीच खतमात्रा दिली की पाऊस लांबताच ती मातीत पडून राहते आणि कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर उरते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले; त्यांत यवतमाळ होता. आत्महत्यांची कारणे अनेक आहेत आणि त्यांना एकट्या मातीशी जोडणे अन्यायाचे होईल. परंतु कोणत्या जमिनीवर किती भांडवल लावणे शहाणपणाचे आहे, हे पेरणीपूर्वी सांगणारे कोणी असते तर काही घरांचा हिशेब निराळा झाला असता, असे मानण्यास जागा आहे.

मृद आरोग्य पत्रिका : लाभ आणि मर्यादा

राजस्थानातील सूरतगढ येथे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृद आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून जाहीर केले होते. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा १२ घटकांची नोंद असते. इतक्या घटकांची तपासणी सामान्य शेतकऱ्यापर्यंत नेणे ही मोठी गोष्ट होय.

इतिहासाच्या दृष्टीने या पत्रिकेकडे पाहिले असता तीन बाबी लक्षात येतात.

पहिली बाब नमुन्याच्या क्षेत्राची. योजनेच्या आरंभीच्या फेऱ्यांत बागायतीत २.५ हेक्टरला आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना असे जाळे ठरविण्यात आले. जिरायतीच्या १० हेक्टरमध्ये यवतमाळसारख्या जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांची वावरे येतात आणि त्यांत टेकडीचा माथा, उतार व नाल्याचा काठ हे तिन्ही असू शकतात. एकोणिसाव्या शतकातील कारकून एका शेताचे अनेक भाग पाडीत होता. एकविसाव्या शतकातील जाळ्याने अनेक शेतांचा एक भाग केला. ही उणीव पुढे धोरणकर्त्यांच्याही लक्षात आली आणि २०१९-२०मध्ये निवडक आदर्श गावांत प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतातून नमुना घेण्याचा प्रयोग करण्यात आला.

दुसरी बाब खोलीची. हंगामी पिकांसाठी नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातून घेतला जातो. त्याखाली काय आहे याची नोंद पत्रिकेतील १२ घटकांत नाही. वीतभर मातीची बरड जमीन आणि पुरुषभर खोल काळी जमीन या दोहोंच्या पत्रिका जवळपास सारख्या असू शकतात.

तिसरी बाब चाळणीची. प्रयोगशाळेत माती वाळवून, कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. चाळणीवर उरलेले खडे फेकले जातात आणि तपासणी फक्त बारीक मातीची होते. त्यानंतर निकाल हेक्टरी किलोमध्ये सांगताना वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन हेक्टरी सुमारे २२.४ लाख किलो धरले जाते. ज्या जमिनीत निम्मे वजन खड्यांचे आहे तेथे प्रत्यक्ष अन्नद्रव्यांचा साठा पत्रिकेतील आकड्याच्या जवळपास निम्माच असणार. मुरमाड जमीन कागदावर आहे त्यापेक्षा सुपीक दिसते ती अशी.

प्रस्तुत लेखकाने एका परिचित शेतकऱ्यासह त्याच्या उताराच्या शेतात सब्बल व फावडे घेऊन तीन ठिकाणी खणून पाहिले. माथ्याला वितीभरावर मुरूम लागला, मधल्या पट्टीत हातभर माती निघाली आणि खालच्या अंगाला फावड्याच्या पोहोचीपर्यंत काळी मातीच होती. त्याच्या हातातील पत्रिका एकच होती. वर तूर-ज्वारी आणि खाली पऱ्हाटी ही विभागणी त्याने त्या पत्रिकेवरून केलेली नव्हती. ती त्याच्या वडिलांपासून चालत आली होती. पत्रिकेचा उपयोग त्याने खताच्या दुकानात केला होता. कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे जायचे हे त्याला नेमके ठाऊक होते.

बागेचा खड्डा

जुना प्रश्न एका ठिकाणी मात्र शास्त्रीय पद्धतीतही टिकून आहे. ते ठिकाण म्हणजे फळबाग. संत्रा, मोसंबी किंवा आंबा लावण्यापूर्वी वरच्या थराचा नमुना पुरेसा मानला जात नाही. शेतात खड्डा खणून साधारणतः ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर अशा थरांचे वेगवेगळे नमुने घ्यावेत, असे सांगितले जाते. खाली चुनखडीचा थर आहे काय, पाणी साचते काय, कठीण पाषाण कोठे लागतो, हे त्यात पाहिले जाते. हंगामी पीक चुकले तर एक वर्ष जाते; संत्र्याची बाग चुकली तर झाड फळावर येण्याच्या वेळी पिवळे पडून सारी वर्षे वाया जातात. चूक महाग पडते तेथे खोलीची विचारपूस होते.

घराभोवतीच्या बागेला किंवा महाविद्यालयाच्या आवारातील वृक्षारोपणालाही हेच लागू आहे. बांधकामाच्या जागेवर चुना, विटांचे तुकडे आणि भरावाचा मुरूम मिसळलेला असतो. अशा जागी पावसाळ्याच्या तोंडावर फूटभर खड्डे करून रोपे लावली जातात आणि पुढल्या उन्हाळ्यात ती वाळली की दोष पाण्यावर ढकलला जातो. रोप आणण्यापूर्वी खड्डा पुरेसा खोल खणून, त्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते एवढे पाहिले तरी पुष्कळ निभावते.

याउलट कोरडवाहू पऱ्हाटीच्या शेतात अशी विचारपूस होत नाही, कारण तेथील चूक एका वर्षात विभागली जाते आणि ती 'पावसाने दगा दिला' या वाक्यात सामावते. वस्तुतः कोरडवाहू शेतकऱ्याची सलग दहा वर्षांची चूक बागायतदाराच्या एका बागेहून स्वस्त नसते.

प्रतिबुकाचे पुनर्वाचन

येथे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. मोजणीच्या काळातील टिपण, क्षेत्रबुक, प्रतिबुक, आकारबंद ही कागदपत्रे भूमी अभिलेख खात्याच्या दप्तराचा भाग आहेत. इतिहासाचे अभ्यासक त्यांकडे बहुधा महसूल व जमीनधारणेचे साधन म्हणून पाहतात. परंतु प्रतिबुक ज्या ठिकाणी सुस्थितीत उपलब्ध आहे तेथे ते त्या शेताच्या मातीचे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे साक्षीपत्रही आहे. त्याचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो.

एक म्हणजे, एखाद्या गावातील काही सर्व्हे नंबर निवडून प्रतिबुकातील खोली व दोष यांची नोंद उतरवून घ्यावी, त्याच ठिकाणी आज खणून खोली मोजावी आणि दोहोंची तुलना करावी. या कामाला महागडी उपकरणे लागत नाहीत. इतिहास, भूगोल आणि रसायनशास्त्र या तीन विभागांनी एकत्र येऊन पदवीच्या विद्यार्थ्यांकडून ते करवून घेता येईल. मातीची धूप झाली असे आपण नेहमी म्हणतो. किती झाली हे अशा तुलनेतून गावापुरते तरी सांगता येईल.

दुसरे म्हणजे, मृद आरोग्य पत्रिकेच्या जोडीला शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या भागवार खोलीचा साधा आराखडा देता येईल. त्यावरून खताचा खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये हे त्याला ठरविता येईल.

या साधनाच्या मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रतवारी साऱ्यासाठी झाली असल्याने कारकुनाच्या कामात ढिलाई किंवा पक्षपात असणे शक्य आहे. पावणेदोन हातांपलीकडची खोली मोजण्याचे महसुलाला कारण नव्हते, त्यामुळे अतिखोल जमिनींतील बदल या नोंदींतून दिसणार नाही. पोटहिस्से पडून जुन्या नंबरांच्या सीमा बदलल्या आहेत. बांधबंदिस्ती, गाळ टाकणे, सपाटीकरण यांनी काही शेतांत माती वाढलीही असेल. तरीही उथळ व मध्यम जमिनींबाबत, म्हणजे ज्यांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे त्या जमिनींबाबत, हे साधन उपयोगी पडण्यासारखे आहे.

माती टिकविण्याचा विचार जिल्ह्याला परका नाही. यवतमाळ जिल्ह्यात नैसर्गिक शेतीचे दीर्घकाळ प्रयोग करणारे शेतकरी सुभाष शर्मा यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रासायनिक निविष्ठांवाचून माती व पाणी शेतातच धरून ठेवण्यावर त्यांचा भर राहिला आहे. त्यांच्या पद्धतीविषयी कोणाचे मत काहीही असो, शेतातून जाणारी माती हा शेतीच्या जमाखर्चातील पहिला तोटा आहे, हा विचार जिल्ह्यातीलच एका शेतकऱ्याच्या अनुभवातून पुढे आला याची नोंद घ्यावी लागते.

समारोप

यवतमाळ जिल्ह्यातील माती परीक्षणाचा इतिहास हा अज्ञानाकडून ज्ञानाकडे सरळ गेलेल्या वाटेचा इतिहास नाही. शेतकऱ्याच्या परीक्षेत खोली होती, लेखी नोंद नव्हती. महसुलाच्या प्रतवारीत खोलीही होती आणि नोंदही होती, पण शेतकऱ्याचे हित तिचा हेतू नव्हता. प्रयोगशाळेच्या परीक्षणात शेतकऱ्याचे हित आहे, नोंद आहे, सूक्ष्मता आहे. पण खोली सुटली आहे. तिन्ही परीक्षांतून प्रत्येकीचे चांगले ते घेतले तर पेरणीपूर्वीच्या त्या जुन्या प्रश्नाला आज अधिक पूर्ण उत्तर देता येईल.

हे उत्तर केवळ कृषी खात्याने द्यावयाचे नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणारी बरीच मुले या मातीतून आलेली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या वावरात माथ्याला, मध्ये आणि पायथ्याला असे तीन ठिकाणी खणून मातीची खोली लिहून आणली, तरी गावोगावच्या नोंदींचा एक संग्रह तयार होईल. दीडशे वर्षांपूर्वी ही नोंद सरकारने साऱ्यासाठी केली. आता ती शेतकऱ्याच्या मुलांनी पेरणीसाठी करावी.